कर्ज वाढलं की प्रदूषण वाढतं का? पुण्याच्या अनुभवावर बोलूया

निळाई | सोमवार, रात्री 9.42

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न मांडते.

एखाद्या देशात बँका, शेअर बाजार, कर्जपुरवठा हे सगळं वाढतं, लोकांना आणि उद्योगांना पैसा सहज मिळू लागतो, तेव्हा हवा-पाणी जास्त घाण होतं की स्वच्छ व्हायला मदत होते? यावर ढीगभर लिहिलं गेलंय आणि दोन्ही बाजूंचे निष्कर्ष सापडतात. एक बाजू म्हणते, पैसा स्वस्त झाला की कारखाने, गाड्या, एसी वाढतात, वीज जास्त लागते, धूर वाढतो. दुसरी म्हणते, हातात पैसा असेल तरच जुनं यंत्र काढून नवं बसवता येतं, सांडपाण्याचा प्रकल्प उभा राहतो, छतावर सोलर येतं.

मी पुण्यातच एका बँकेच्या कर्ज विभागात आहे, त्यामुळे हा प्रश्न रोज माझ्या टेबलावर असतो. गृहकर्जाची फाइल आली की आम्ही टायटल सर्च बघतो, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, रेरा नोंदणी, अर्जदाराचा पगार, सिबिल. त्या इमारतीचं मैलापाणी कुठे जाणार, हा रकाना आमच्या यादीत नाही. तो असायलाच हवा असं मला आता फार वाटतं.

उद्योगात, शेतीत, सोसायटीच्या कमिटीवर जे कोणी आहात त्यांनी अनुभव जरूर लिहा.

वाघोलीकरीण | सोमवार, रात्री 10.05

निळाईताई, अगदी जिव्हाळ्याचा विषय. सविस्तर लिहिते उद्या. आत्ता फक्त हजेरी.

सांख्यिक | सोमवार, रात्री 11.20

थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे चर्चेला बैठक मिळेल.

1991 साली ग्रॉसमन आणि क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिका-मेक्सिको व्यापार कराराच्या निमित्ताने एक मांडणी केली. वाढीचा पर्यावरणावर तीन वाटांनी परिणाम होतो. पहिली वाट आकारमानाची: उत्पादन वाढलं की घाणही वाढते. दुसरी रचनेची: शेतीकडून कारखान्यांकडे आणि मग सेवाक्षेत्राकडे अर्थव्यवस्था सरकते तशी घाणीची जात बदलते. तिसरी तंत्राची: जुन्या यंत्रांच्या जागी स्वच्छ यंत्रं येतात. सुरुवातीला प्रदूषण वाढतं आणि उत्पन्न एका टप्प्यापलीकडे गेलं की उतरतं, अशी ती प्रसिद्ध कमान. कुझनेट्सने 1955 मध्ये विषमतेबद्दल असाच तर्क मांडला होता, म्हणून तिला त्याचं नाव चिकटलं.

ही कमान सल्फर डायऑक्साइडसारख्या, डोळ्यांत चुरचुरणाऱ्या प्रदूषणाला बऱ्यापैकी लागू पडते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत पुरावा फार कच्चा आहे, कारण तो कुणाच्या नाकाला झोंबत नाही.

आता वित्ताचा भाग. संशोधक बहुतेक वेळा एकच मोजमाप घेतात: खासगी क्षेत्राला दिलेलं कर्ज, जीडीपीच्या टक्केवारीत. भारतात ते 1990 च्या सुमारास 25 टक्क्यांच्या आसपास होतं, आता साधारण दुप्पट आहे. चीनमध्ये 180 टक्क्यांच्या वर. भारताच्या 1971 ते 2008 या काळातल्या आकडेवारीवर 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वित्तविस्तारामुळे दीर्घ मुदतीत कार्बन उत्सर्जन वाढलेलं दिसलं. मलेशिया आणि दक्षिण आफ्रिकेबद्दल उलट निष्कर्षही आहेत.

मला सगळ्यात पटलेलं काम डी हास आणि पोपोव्ह यांचं. पैसा किती आहे यापेक्षा तो बँकेकडून येतो की शेअर बाजारातून, यावर त्यांनी बोट ठेवलं. शेअर बाजाराचा वाटा मोठा असलेल्या देशांत माणशी उत्सर्जन कमी आढळलं. बँक तारण मागते, आणि तारण म्हणजे जमीन, इमारत, यंत्र. त्यामुळे बँकेचा पैसा आपोआप जड उद्योगांकडे झुकतो. भागधारकाला उद्याच्या दंडाची आणि कायद्याची भीती जास्त असते, नव्या तंत्रात पैसे घालायचीही तयारी असते.

कट्टेकरी | मंगळवार, सकाळी 7.15

वाचतोय. सांख्यिक, एवढ्या रात्री एवढं सुसंगत लिहिता म्हणजे कमाल आहे.

सदाशिवकर | मंगळवार, सकाळी 8.30

पुण्यापुरतं सांगायचं तर हे शहर सायकलींचं होतं. सकाळी लकडी पुलावरून कारखान्याकडे निघालेली सायकलींची रांग मी स्वतः पाहिलेली आहे. स्कूटर हवी असेल तर नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. लग्नात स्कूटरचा नंबर आहेर म्हणून देणारे लोकही होते. बँकेकडे गाडीसाठी कर्ज मागायला जाणं सामान्य पगारदाराच्या मनातही येत नसे.

1991 नंतर उत्पादनही वाढलं आणि कर्जही दारात आलं. आज शोरूममध्येच बँकेचा माणूस बसलेला असतो, आधारकार्ड दाखवून तासाभरात दुचाकी घरी नेता येते. 2018 च्या सुमारास पुण्यातल्या वाहनांची नोंद 36 लाखांच्या पुढे गेली आणि शहरात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्याच्या बातम्या आल्या. सायकली काही आपोआप गेल्या नाहीत. बस वेळेवर येत नव्हती आणि हप्ता परवडत होता, म्हणून गेल्या.

सांख्यिक | मंगळवार, सकाळी 9.10

सदाशिवकर काका, निरीक्षण पटलं. एक दुरुस्ती: आरटीओच्या एकूण नोंदणीत भंगारात गेलेल्या आणि गावाकडे नेलेल्या गाड्याही मोजलेल्या असतात. प्रत्यक्ष रस्त्यावरचा आकडा त्याहून कमी असणार. दिशा मात्र तुम्ही म्हणता तीच.

कट्टेकरी | मंगळवार, सकाळी 9.25

काकांनी सायकल काढली. आता दोन दिवस धागा पेठेतून हलत नाही!

गवती_चहा | मंगळवार, सकाळी 11.00

मी वेगळ्या बाजूने बोलते. रिक्षांचा तो निळसर काळा धूर आठवतो का? चौकात उभं राहिलं की ओढणी नाकाला लावावी लागायची. महापालिकेने सीएनजी किटसाठी रिक्षावाल्यांना अनुदान दिलं, पतसंस्थांनी कर्ज दिलं आणि काही वर्षांत तो धूर गेला. आमचे शेजारी रिक्षा चालवायचे. किटचे सगळे पैसे एकदम उभे करणं त्यांना शक्यच नव्हतं. पुढे त्यांचा इंधनाचा रोजचा खर्च कमी झाला आणि हप्ता त्यातूनच गेला. म्हणजे पैसा मिळाला म्हणून हवा सुधारली, असंही याच शहरात झालंय.

भोसरीकर | मंगळवार, दुपारी 2.40

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं छोटं प्लेटिंगचं युनिट आहे. नट-बोल्ट, ब्रॅकेट यांवर झिंक चढवतो, त्यावर पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखणारा रसायनाचा पातळ थर. आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोम. तो पाण्यात गेला तर विष आहे. धुण्याच्या पाण्यातून तो काढायचा तर आधी आम्ल घालून पीएच खाली आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्याचा कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोम करायचा, मग चुना किंवा कॉस्टिक घालून गाळ खाली बसवायचा. गाळ पोत्यांत भरून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे जातो, किलोमागे पैसे मोजून.

निळाईताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर. नवा रेक्टिफायर (प्लेटिंगच्या टाकीला वीज पुरवणारं यंत्र) घ्यायला कर्ज मागितलं तेव्हा मॅनेजर साहेबांनी विचारलं, उत्पादन किती वाढेल? आकडा सांगितला, कर्ज मंजूर. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, वाढवायला मागितलं, तेव्हाही प्रश्न तोच. ईटीपीने उत्पादन वाढत नाही, उलट खर्च वाढतो. तारण द्यायला जागा नाही, गाळा भाड्याचा. ती फाइल महिनोन्महिने पडून राहिली. साहेबांचा दोष नाही, त्यांच्या फॉर्ममध्ये दुसरा प्रश्नच नव्हता.

शेवटी काम झालं ते वेगळ्याच कारणाने. ज्या मोठ्या कंपनीला माल जातो तिने सगळ्या पुरवठादारांचं पर्यावरण ऑडिट सुरू केलं. ईटीपी नाही तर ऑर्डर नाही. ऑर्डरचं पत्र बँकेत नेलं आणि त्याच कर्जाला लगेच हो मिळालं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. आमचं बिल 90 दिवस, कधी 120 दिवस अडकतं. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, संपते. कामगारांचा पगार थांबवता येत नाही, झिंक आणि वीज थांबवली तर धंदा बंद. मग सगळ्यात आधी कशाची खरेदी थांबते? मेटाबायसल्फाइटची. तपासणीच्या दिवशी टाकी व्यवस्थित, बाकीच्या दिवशी देवाच्या भरवशावर, अशी युनिटं माझ्या माहितीत आहेत. खेळतं भांडवल अडकलं की नाल्याचा रंग बदलतो, हे मी शपथेवर सांगतो. नदी वाचवायची असेल तर लहान कारखानदाराचं बिल 45 दिवसांत द्या. कायदा आहेच. 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही तरतूद आलीय की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळणार नाही. माझ्या दोन गिऱ्हाइकांचे पैसे त्यानंतर वेळेवर यायला लागलेत.

निळाई | मंगळवार, दुपारी 3.15

भोसरीकर, हा प्रतिसाद मी आमच्या साहेबांना वाचून दाखवणार आहे. बिल अडकल्यामुळे रसायनं थांबतात, हा धागा मी कधी जोडलाच नव्हता. ट्रेड्स या मंचावर बिल वटवून, म्हणजे मुदतीआधीच त्याचे पैसे घेऊन, बघितलंत का?

भोसरीकर | मंगळवार, दुपारी 3.30

ताई, त्यासाठी समोरच्या मोठ्या कंपनीने तिथे बिल मान्य करावं लागतं. एक करते, बाकीच्या करत नाहीत. जी करते तिचे पैसे चार दिवसांत खात्यात.

टेकडीप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी 6.50

सगळ्यांचं वाचलं. पण मला मूळ गृहीतकच मान्य नाही. पैसा आला की प्रदूषण आवरायचे पर्याय वाढतात, हे ऐकायला बरं वाटतं. मुळा-मुठेचं बघा.

जानेवारी 2016 मध्ये नदी शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका या सरकारी सहकार्य संस्थेशी कर्जाचा करार झाला. 19.064 अब्ज येन, व्याज 0.30 टक्के, फेड 40 वर्षांत, त्यातही पहिली 10 वर्षं सवलतीची. 990.26 कोटींचा प्रकल्प, त्यातले 841.72 कोटी केंद्राचे. 11 नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, रोजची क्षमता 396 दशलक्ष लिटर. याहून स्वस्त पैसा पृथ्वीवर मिळायचा नाही. आणि तरीही निविदा, फेरनिविदा, जागांचा ताबा यांत इतकी वर्षं गेली की काम प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत शहरात आणखी 34 गावं आली, 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23. त्यांचं मैलापाणी मूळ हिशोबात नव्हतंच.

दुसरीकडे नदीकाठ सुधारणेचा प्रकल्प. 44 किलोमीटर, खर्च 4,700 कोटींच्या घरात, 2022 च्या मार्चमध्ये भूमिपूजन झालं आणि बंडगार्डनच्या बाजूला काठ बांधूनही झाला. ज्यातून जमीन आणि देखावा निर्माण होतो त्याला पैसा धावत येतो. ज्यातून फक्त स्वच्छ पाणी निर्माण होतं ते रांगेत मागे. राम-मुळा संगमाच्या झाडांसाठी आम्ही शेकड्यांनी रस्त्यावर उतरलो ते हौस म्हणून नाही. माझं स्पष्ट मत: या शहराला नवं कर्ज काही वर्षं मिळूच नये.

डेक्कनचा_राजू | मंगळवार, संध्याकाळी 7.30

कर्ज मिळूच नये? मग मेट्रो कशी होणार? इलेक्ट्रिक बस कुठून येणार? तेही कर्जच आहे. नदीकाठ प्रकल्पातही सांडपाणी अडवणाऱ्या वाहिन्या आहेत, हे तुम्ही गाळलंत.

टेकडीप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी 7.45

वाहिन्या आहेत, मान्य. पण वाहिनी पाणी पुढे नेते, शुद्ध करत नाही. शुद्धीकरण केंद्र तयार नसेल तर वाहिनीचं पाणी खाली कुठेतरी नदीतच पडणार.

गवती_चहा | मंगळवार, रात्री 8.10

टेकडीप्रेमी, तळमळ समजते, आम्हीही संगमावर होतो. पण पैसा नसल्यावर हवा स्वच्छ असते असं नका समजू. माझी आजी चुलीपुढे आयुष्यभर खोकली. घरातला धूर हा गरिबीचाच धूर होता. 2016 ला उज्ज्वला आली, तेव्हा शेगडी आणि पहिल्या सिलिंडरचे पैसे उधारीवर मिळून नंतर अनुदानातून वळते होत. ती उधारी नसती तर आमच्या गावातल्या कित्येक घरी गॅस गेलाच नसता.

वाघोलीकरीण | मंगळवार, रात्री 10.30

कालचं वचन पूर्ण करते.

आम्ही इथे घर घेतलं तेव्हा वाघोली ग्रामपंचायत होती. 2021 मध्ये पुण्यात आली. इमारती शेकड्यांनी उभ्या होत्या, ड्रेनेज लाइन मात्र रस्त्याच्या थोड्या भागात. नळाचं पाणी नाही म्हणून टँकर, वाहिनी नाही म्हणून मैला उपसायलाही टँकर. एकाच गेटमधून दोन्ही टँकर ये-जा करतात. या सगळ्या घरांवर कुठल्या ना कुठल्या बँकेचं कर्ज आहे. म्हणजे चांगला पगार, चांगला सिबिल, चांगली कागदपत्रं बघून बँकांनी हजारो कुटुंबांना अशा ठिकाणी वसवलं जिथे मैलापाणी जायला ओढ्याशिवाय वाट नव्हती. निळाईताईंच्या यादीत जो रकाना नाही, तो आमच्या दारात वाहतो. वासासकट.

आता आमच्या एसटीपीबद्दल, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्राबद्दल. 20 हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात स्वतःचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र हे ओघानेच येतं. बिल्डरने ते बसवलं. हस्तांतर झालं आणि पहिल्या वर्षाच्या वीजबिलावरून सर्वसाधारण सभेत रणकंदन झालं. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालायला हवा, लोक म्हणाले रात्री बंद ठेवा. रात्री बंद ठेवला की घाण खाणारे जिवाणू मरतात, मग वास येतो, मग लोक म्हणतात प्रकल्पच बंद ठेवा. मी कमिटीवर आले तेव्हा ब्लोअर गंजला होता.

दुरुस्तीचा खर्च काढला. काही सभासद म्हणाले, वर्गणी देणार नाही. त्याच लोकांनी त्याच वर्षी क्लब हाउसच्या नूतनीकरणाला मात्र हात वर केले होते. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव गंगाजळी) होता म्हणून वाचलो. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी त्यात जमा व्हायलाच हवा, आणि आमच्या आधीच्या खजिनदारबाईंनी तो नेटाने जमवला होता. सभेचा ठराव करून त्यातून ब्लोअर आणि पंप नवे घेतले. एसटीपीला वेगळं सबमीटर लावलं आणि दर महिन्याचं युनिट नोटीस बोर्डावर लावतो. आकडा घसरला की लोकच विचारतात, बंद होता का? आता बागेला आणि फ्लशला तेच पाणी जातं, टँकरही कमी लागतात. पैशाचा हिशोब टँकरमध्ये बसला तेव्हा विरोध मावळला, पर्यावरणावरच्या भाषणाने नाही.

सांख्यिक | मंगळवार, रात्री 11.15

वाघोलीकरीण, सबमीटरची कल्पना अप्रतिम आहे. मोजमाप सगळ्यांसमोर असलं की वागणूक बदलते याचा याहून घरगुती पुरावा नको.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावा सुरतेत आहे. 2019 पासून तिथल्या कारखान्यांच्या, मुख्यतः कापड गिरण्यांच्या, धुरातल्या कणांवर एकत्रित मर्यादा घातली आणि परवान्यांची खरेदी-विक्री सुरू केली. चिमणीवर सतत मोजणारी उपकरणं. जो कमी धूर सोडतो तो उरलेला परवाना विकतो. कणांचं उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनी घटलं. ही बाजारपेठच आहे, पण धुराला किंमत लावलेली. टेकडीप्रेमी, हे तुमच्या मुद्द्याला उत्तर म्हणून. पैसा अडवण्यापेक्षा घाण महाग करावी.

नीरेकाठचा | बुधवार, सकाळी 6.20

राम राम. उसाच्या पट्ट्यातून लिहितोय. शहरवाल्यांना नदी म्हणजे मुठा, आमची नीरा.

आमच्याकडे साखर कारखाना, त्याला जोडून डिस्टिलरी. मळीपासून अल्कोहोल काढताना जे उरतं ते स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर. काळं, आंबूस. त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला 40 हजार मिलिग्रॅमच्या वर जातो आणि नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा आहे 30. म्हणजे विचार करा. लहानपणी ओढ्याला ते पाणी आलं की मासे वर तरंगायचे, विहिरींना तांबूस रंग यायचा, म्हशी तोंड लावत नसत. तक्रार कुणाकडे करणार? कारखान्याचे सभासद आपणच, ऊस आपलाच, बिल आपल्यालाच हवं, आणि कारखान्याला कर्ज देणाऱ्या जिल्हा बँकेवरही आपलीच माणसं. ही अडचण पुस्तकात सापडायची नाही.

बदल कसा झाला ते सांगतो. 2014 ला केंद्रीय प्रदूषण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी यंत्रं सक्तीची केली, त्यात डिस्टिलरी आलीच. पाठोपाठ 2018 ला केंद्राची इथेनॉल योजना आली. नव्या क्षमतेसाठी आणि स्पेंटवॉश जाळायच्या बॉयलरसाठी बँकेचं कर्ज घ्या, व्याजातले 6 टक्के किंवा निम्मं व्याज, जे कमी असेल ते, पाच वर्षं सरकार भरणार. अट अशी की बाहेर एक थेंब सोडायचा नाही. आता स्पेंटवॉश आटवून बगॅसबरोबर, म्हणजे उसाच्या चिपाडाबरोबर, जाळतात, राखेतलं पोटॅश खतात जातं. ओढ्याचं पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं आहे. पहिल्यांदा बगळे परत आले तेव्हा माझ्या आईने बोलावून दाखवले.

पण याच योजनेने इथेनॉलची क्षमता किती वाढली बघा. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट 2030 वरून 2025 वर आणलं. उसाला हमखास गिऱ्हाईक मिळालं. ऊस वाढला की पाणी उपसा वाढला, बोअर खोल गेले. सांख्यिकरावांच्या तीन वाटा म्हणाल तर आमच्याकडे तिसरी वाट सुधारली आणि पहिली वाट रुंद झाली, एकाच कर्जातून.

सदाशिवकर | बुधवार, सकाळी 8.00

फार सुंदर प्रतिसाद, नीरेकाठचे. अवांतर होईल पण राहवत नाही. बँकेने तारणापलीकडे जाऊन त्या भागाची गरज बघावी, हा विचार पुण्यातलाच आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, सहकारी साखर कारखान्यांच्या मुळाशी असलेला माणूस. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने 1969 मध्ये क्षेत्रनिहाय बँकिंगची शिफारस केली आणि त्यातून अग्रणी बँक योजना निघाली. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक, आपल्या जिल्ह्याची बँक ऑफ महाराष्ट्र. जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा दरवर्षी बनतो. शेतीला इतकं, लघुउद्योगांना इतकं. त्यात सांडपाण्यासाठी इतकं, अशी ओळ का असू नये?

डेक्कनचा_राजू | बुधवार, सकाळी 9.40

काका, ही सूचना जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्या. मी सही करतो.

भोसरीकर | बुधवार, सकाळी 10.10

माझीही सही.

टेकडीप्रेमी | बुधवार, सकाळी 11.30

माझी पण. आणि राजू, कालचं माझं वाक्य थोडं बदलून लिहितो: नवं कर्ज मिळावं, पण आधीच्या प्रकल्पातली केंद्रं चालू झाल्याचा पुरावा दिल्यावर.

कचऱ्याचं उदाहरण राहिलं. या शहराचा घरोघरचा कचरा 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला वेगळा करतात, 2008 पासून. प्रत्येक घराकडून महिन्याची ठरावीक रक्कम, बस. त्यांनी बाजूला काढलेलं प्लास्टिक, कागद, धातू उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोत गेलं असतं तर तिथल्या लोकांचे हाल आणखी वाढले असते. इतकं प्रदूषण रोखणाऱ्या या बायकांना बँकेचं कर्ज मात्र सहज मिळत नाही, कारण पगाराची स्लिप नाही.

निळाई | बुधवार, रात्री 9.15

दोन दिवस तुमचे प्रतिसाद मी नोंदवहीत उतरवून घेतेय. मूळ प्रश्नाकडे येते.

मला आता असं दिसतं की आमच्यासारख्या बँका उत्तर ठरवत नाहीत, आम्ही फक्त समोरच्या इच्छेला वेग देतो. भोसरीकरांची ईटीपीची फाइल गिऱ्हाइकाच्या एका पत्राने हलली, नीरेकाठी ऑनलाइन यंत्र आणि व्याजाची सवलत एकत्र आली तेव्हा बॉयलर बसला. मुळा-मुठेवर 0.30 टक्क्याचा पैसाही हलला नाही, कारण उशीर झाला म्हणून कुणाला काही गमवावं लागलं नाही. म्हणजे घाण करणाऱ्याला आधी त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे. ते झालं की कर्ज स्वच्छतेकडे धावेल, नाही झालं तर ते फ्लॅट, गाडी आणि कारखान्याकडेच धावणार, आणि जितकं स्वस्त तितकं जोरात.

त्यातला बँकेच्या हातातला भागही लहान नाही. मी आमच्या विभागाला लेखी प्रस्ताव देतेय. मोठ्या गृहप्रकल्पाला मंजुरी देताना बिल्डरकडून ड्रेनेज जोडणीचा कागद किंवा एसटीपीच्या संमतीपत्राचा कागद घ्यावा. जुन्या सोसायटीला दुरुस्ती कर्ज देताना वाघोलीकरीणताईंसारख्या सबमीटरच्या बारा महिन्यांच्या नोंदी मागाव्यात. लघुउद्योगांच्या सीसीमध्ये ईटीपीच्या रसायनांसाठी वेगळी उपमर्यादा ठेवावी, जी दुसऱ्या कशाला वापरता येणार नाही.

भोसरीकर | बुधवार, रात्री 9.50

ताई, ती उपमर्यादा सोन्यासारखी आहे. फक्त पैसे थेट रसायनाच्या व्यापाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या. आमच्या हातात आले तर पगाराच्या दिवशी मोह होतो.

वाघोलीकरीण | बुधवार, रात्री 10.20

आणि सोसायटीच्या सोलरचंही त्यात घाला. सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॉटमागे 18 हजार अनुदान आहे, 500 किलोवॉटपर्यंत. एसटीपीचा ब्लोअर दिवसा सोलरवर चालला तर वीजबिलाचं भांडणच निम्मं होईल. शिवाय सोलर, गांडूळखत, पर्जन्यसंचय यांतलं एक असेल तर मिळकतकरात 5 टक्के सूट, दोन असतील तर 10 टक्के. अर्ध्या सोसायट्या अर्जच करत नाहीत.

गवती_चहा | गुरुवार, सकाळी 7.40

एक शंका. 2017 मध्ये महापालिकेने 200 कोटींचे रोखे काढले होते ना, 7.59 टक्क्यांनी, चोवीस तास पाणी योजनेसाठी? मुंबई शेअर बाजारात नोंदही झाली होती. अशा पैशाचं पुढे काय झालं, नदीचं पाणी सुधारलं का, हे आपल्यासारख्याने कुठे बघायचं?

सांख्यिक | गुरुवार, सकाळी 8.25

दोन ठिकाणी. रोखे नोंदवलेल्या संस्थेला शेअर बाजाराकडे वेळोवेळी माहिती द्यावी लागते, ती बाजाराच्या संकेतस्थळावर महापालिकेच्या नावाने शोधा. आणि महापालिका अधिनियमाच्या कलम 67-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सादर करायचा असतो. मुळा-मुठेच्या वेगवेगळ्या ठिकाणचे बीओडी आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचे आकडे त्यात मिळतात. जुने अहवाल महापालिकेच्या संकेतस्थळावर आहेत. मी गेल्या काही वर्षांचे तक्ते एकत्र करायला घेतलेत, हाताशी कुणी असेल तर बरं होईल.

नीरेकाठचा | गुरुवार, सकाळी 8.40

मी येतो मदतीला. नीरेचे आकडे राज्य मंडळाकडून मागवतो, तेही लावा शेजारी.